पोट्टे तुक्का मारतात, अंदाज कसा शिकवायचा?

निसर्गात जे परत परत घडतं त्यावरून पुढचं ओळखायला लहान मुलांना कसं शिकवायचं, यावर प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि नागपूर शहरातून, हिंगणा-काटोलकडून भरपूर पत्रं आली. बऱ्याच जणांचं विचारणं एकसारखं होतं म्हणून त्यातली काही निवडून घेतली आहेत. नावं छापत नाही, परिसर तेवढा दिला आहे.

ताई, मी जि. प. शाळेत तिसरी-चौथी एकत्र घेते. परिसर अभ्यास शिकवताना "आता पुढे काय होईल सांगा" म्हटलं की सगळे पोट्टे एकदम ओरडतात, मग माझ्या तोंडाकडे बघून उत्तर बदलतात. एखादा हुशार मुलगा बोलला की बाकीचे तेच म्हणतात. याला अंदाज म्हणायचं का? – एक शिक्षिका, हिंगणा तालुका

नाही म्हणायचं मॅडम, तो तुक्का झाला. पण यात मुलांचा दोष नाही, आपण त्यांना आधी काही बघायलाच देत नाही आणि थेट विचारतो, मग ते बिचारे काय करतील, तुमचा चेहराच वाचतील ना. म्हणून माझं सगळ्या शिक्षकांना एकच सांगणं असतं की आधी मोजल्याशिवाय अंदाज विचारायचा नाही आणि अंदाज वहीत लिहिल्याशिवाय पुढचं मोजायचं नाही. लिहायचा म्हणजे पेनानं, शेजाऱ्याला न दाखवता, आणि खोडरबर दप्तरात. एवढं केलं तरी निम्मा गोंधळ थांबतो, कारण ओरडायला काही उरत नाही आणि तुमच्या तोंडाकडे बघून फायदा नाही हे त्यांना कळतं.

सुरुवात सावलीपासून करा, तिच्याइतकं स्वस्त आणि खात्रीचं दुसरं काही नाही. मैदानात जिथे दिवसभर ऊन असतं तिथे एक सरळ काठी रोवा, जमिनीच्या वर बरोबर १०० सेंमी राहील अशी, आणि ती तिरपी तर नाही ना ते ओळंब्यानं बघून घ्या, दोऱ्याला दगड बांधला तरी चालतं. सप्टेंबरच्या २२-२३ तारखेला, ढग नसतील तर, नागपूरकडे सकाळी ९ वाजून ५ मिनिटांनी सावली ११४ सेंमीच्या आसपास भरते आणि १० वाजून ५ मिनिटांनी ७३. (शाळा उशिराची असेल तर ९ चं माप जवळ राहणाऱ्या दोघा-तिघांवर सोपवा, त्यांना त्याचा फार अभिमान वाटतो.) आता वर्गाला विचारा, ११ वाजून ५ मिनिटांनी किती? वजाबाकी येणारी मुलं म्हणतील ४१ नं कमी झाली म्हणजे आता ३२. छान अंदाज आहे, कारण त्यामागे हिशोब आहे, आणि तसंच त्यांना सांगा. मग मोजा. येईल ४८ च्या जवळपास.

इथे लगेच समजावून सांगायला जाऊ नका हो, हात जोडून सांगते. त्यांना ११४, ७३, ४८ हे तीन आकडे फळ्यावर बघत बसू द्या. कोणीतरी म्हणतंच की कमी होणं कमी होऊन राहिलं. हे वाक्य मुलाच्या तोंडून आलं की समजा तुमचा तास वसूल झाला. बाराच्या मापाला मग अंदाज सुधारतात, कोणी ३० म्हणतं कोणी ४०, आणि सावली ३९ च्या आसपास येते. खरी मजा १ वाजताच्या अंदाजात आहे, अर्धी मुलं अजून कमी होईल म्हणतात, अर्धी म्हणतात वाढेल, आणि वाढून ४८ झाली की त्यांच्या लक्षात येतं की आकडे उलटे परत यायला लागले, मग २ वाजताचा अंदाज कोणाला विचारावा लागत नाही, सगळ्यांच्या वहीत ७३.

सावली सगळ्यात लहान कधी होते तर घड्याळात बरोबर १२ ला, असं आपणही धरून चालतो. नागपुरात तसं क्वचितच होतं, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि आपण ७९ च्या जरा पुढे आहोत, म्हणजे सूर्य आपल्या माथ्याच्या रेषेवर सरासरी १३-१४ मिनिटं उशिरा येतो, त्यात पृथ्वीच्या फिरण्यामुळे वर्षभर कमी-जास्त होत राहतं. सप्टेंबरच्या शेवटी ती वेळ १२ वाजून ६ मिनिटांची, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ ला तीन मिनिटं कमी, आणि फेब्रुवारीच्या मध्यावर थेट १२ वाजून २८. एवढं कारण तिसरीला सांगायची गरज नाही, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं, नाहीतर मुलं म्हणतील आमची काठी बिघडली.

आणि काठी काढू नका, दर महिन्याच्या २२ ला सगळ्यात लहान सावली मोजत राहा. सप्टेंबर ३९, ऑक्टोबर ६३, नोव्हेंबर ८८, अशी दर महिन्याला २४-२५ नं वाढत जाते, मग डिसेंबरचा अंदाज मुलं ११२-११३ सांगतात आणि सावली ९९ च्या आसपास येऊन थांबते, म्हणजे जवळपास काठीएवढीच! सप्टेंबरचा तो एक दिवस ज्यांनी मनापासून केला त्या मुलांना इथे आपोआप सुचतं की आता वळायची वेळ आली, झोका टोकाला जाताना हळू होतो तसं, आणि जानेवारीत ती कमी होईल असं ते स्वतःहून लिहितात. दिवसभरात पाहिलं तेच वर्षभरात दिसलं, हे मुलांनी स्वतः जोडलं तर त्याच्यासारखं शिकणं नाही.

मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की अडचण होते, तेव्हा घरी कोणी मोजून आणेल का बघा. २६ मेच्या आसपास तर दुपारी १२ वाजून १० मिनिटांनी नागपुरात काठीची सावली पडतच नाही, सूर्य थेट डोक्यावर. तेव्हा सुट्ट्या असतात आणि ऊनही जीवघेणं असतं, म्हणून मुलांनी गच्चीवर मोठ्या माणसासोबत दोन मिनिटं जायचं, टोपी घालून, सूर्याकडे अजिबात न बघता, ग्लास उलटा ठेवून त्याची सावली बघायची आणि खाली यायचं. त्यानंतर जुलैच्या १७ पर्यंत दुपारची सावली उत्तरेऐवजी दक्षिणेला पडते. जूनच्या शेवटी शाळा उघडली आणि एखाद्या दिवशी ढग फाकले तर मुलांना विचारा सावली कुठल्या बाजूला असेल, सगळे वर्षभराच्या सवयीनं उत्तर म्हणतील.

आम्ही मनीषनगरला सातव्या मजल्यावर राहतो. आजूबाजूला सिमेंट. मुलगी दुसरीत आहे, तिच्या मॅडमनी "निसर्गातला क्रम शोधा" असं घरी करायला दिलंय. झाडं-पानं कुठून आणू? – एक आई

सातवा मजला म्हणजे तुमच्याकडे आकाश आहे, आणि ते हिंगण्याच्या शाळेत आहे तेवढंच तुमच्या गॅलरीत आहे. चंद्र घ्या. अमावास्येनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून सुरू करा, सूर्य मावळल्यावर अर्ध्या तासानं, रोज त्याच वेळी, त्याच जागेवर उभं राहून. गॅलरीचं तोंड पश्चिमेला नसेल तर गच्चीवर जा. समोरच्या बिल्डिंगा, पाण्याच्या टाक्या, टॉवर यांची एक रेघ कागदावर काढून ठेवा, त्याच्या दहा-बारा झेरॉक्स, आणि रोज त्यावर चंद्र कुठे आणि कसा आहे ते तिनं काढायचं. तीन दिवस नुसतं काढू द्या. चौथ्या दिवशी खाली घरातच विचारा, आज कुठे असेल, पेन्सिलनं गोल कर, आणि मग वर जा.

हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशात साधारण १० अंश झाकते, आणि चंद्र रोज त्याच वेळी बघितला तर १२-१३ अंश पूर्वेकडे सरकलेला असतो, म्हणजे एक मूठ आणि वर जरासं. हे तुम्ही सांगू नका, तिच्या मुठीनं मोजू दे. लहान हाताला लहान मूठ असल्यामुळे तिचंही माप जवळपास तेवढंच येतं. आठवडाभरात अर्धा चंद्र सूर्यास्ताला दक्षिणेकडे उंचावर आलेला दिसेल, आणि पौर्णिमेला सूर्य इकडे मावळतो तेव्हा चंद्र बरोबर समोर पूर्वेला उगवतो. पौर्णिमेनंतर मात्र तो संध्याकाळच्या त्या वेळेला नसतोच, आणि इथे बरेच पालक वही बंद करतात, तसं करू नका. सकाळी सातच्या व्हॅनला जाताना तिला बघायला सांगा, पौर्णिमेनंतर सात-आठ दिवसांनी अर्धा चंद्र सकाळी चांगला वर असतो आणि दुपारपर्यंत पश्चिमेकडे उतरत जातो. "दिवसा चंद्र कसा" हा प्रश्न तिच्याकडून येईल, येऊ द्या.

घरात कोणी संकष्टी करत असेल तर आणखी सोपं. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेली असतेच, पण ती झाकून ठेवा आणि पौर्णिमेच्या रात्री चंद्र किती वाजता उगवला ते लिहा, दुसऱ्या दिवशी परत लिहा. रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर होतो, कधी चाळीस कधी साठच्या जवळ, त्यावरून संकष्टीला किती वाजता उपास सुटेल ते तिनं आजीला आधीच सांगायचं. मुंबईच्या मावशीलाही फोन करून विचारा, तिच्याकडे वीस-पंचवीस मिनिटं उशिरा उगवतो कारण मुंबई आपल्यापेक्षा सहा अंश पश्चिमेला आहे. आणि पुढच्या तान्ह्या पोळ्याला, नंदीबैल फिरवून आल्यावर, रात्री चंद्र दिसेल का हे तिला दोन आठवडे आधी विचारून बघा. मोठा पोळा अमावास्येला असतो हे तिला सांगा, बाकीचं ती वहीवरून काढेल.

ताई, मी काटोलकडचा संत्र्याचा शेतकरी. सुट्टीत नातवंडं आले का मी त्याइले सांगतो, टिटवीनं उंचावर अंडे घातले तं पाणी भरपूर येते, कावळ्यानं शेंड्यावर घर केलं तं पाऊस कमी, नवतपा चांगला तपला तं पाऊस चांगला. नातीनं हे शाळेत सांगतलं तं मॅडम म्हणे ही सारी अंधश्रद्धा आहे. लेकरू हिरमुसलं. आमच्या बापजाद्यानं का उगाच सांगतलं असन? – एक आजोबा

काका, तुमच्या नातीला अंधश्रद्धा म्हणून गप्प बसवायला नको होतं, हे मी आधी सांगते. आणि तुमचं सगळं खरं आहे असंही मी म्हणणार नाही, कारण तपासल्याशिवाय मला ते म्हणता येत नाही. त्या वर्गात एकच वाक्य पाहिजे होतं, "चला, मग लिहून ठेवू आणि सप्टेंबरात बघू." बापजाद्यांनी पाहूनच सांगितलं असेल, पण पाहणाऱ्याला जे वर्ष जुळलं ते लक्षात राहतं आणि जे नाही जुळलं ते विसरतं, हा माणसाचा स्वभाव आहे, म्हणून वही लागते.

टिटवी जमिनीवरच अंडी घालते, बांधावर किंवा खडकाळ पडीत जागेत, आणि उन्हाळ्यात तुमच्या शिवारात ती तुम्हाला सापडेलच. नातीला लांबून दाखवा (जवळ गेलं की ती डोक्यावर घिरट्या घालून सगळं शिवार उठवते, आणि अंडी तापून जातात), जागा उंच होती का सखल ते लिहा, दहा-बारा घरटी बघितली तर अजून चांगलं, कारण एक टिटवी उंचावर आणि दुसरी नाल्याकाठी असं असेल तर मग कोणाचं ऐकायचं? हा प्रश्न नातीलाच पडू द्या. कावळ्याचं तसंच. मग तालुक्याचा पाऊस पेपरात येतो तो लिहीत जा. एका वर्षी जुळलं म्हणजे झालं असं नाही, नात चौथीत असेल तर ती दहावीत जाईपर्यंत ही वही चालवा, तिच्याकडे तेव्हा जे असेल ते तिचं स्वतःचं असेल.

नवतप्याचं जरा वेगळं आहे, त्याच्यामागे कारण दिसतं. सूर्य २५ मेच्या आसपास रोहिणीत जातो तेव्हापासूनचे नऊ दिवस म्हणजे नवतपा, आणि वर मी सावलीचं लिहिलं ते बघा, २६ मेच्या आसपास नागपूरवर सूर्य थेट डोक्यावर असतो. म्हणजे त्या दिवसांत ऊन सगळ्यात सरळ पडतं हे पक्कं. पण सगळ्यात जास्त तापमान त्याच नऊ दिवसांत येईल हे पक्कं नाही, कारण ढग, वादळी पाऊस, वाऱ्याची दिशा हे सगळं मधे येतं. आणि "तपला तर पाऊस चांगला" ही तिसरीच गोष्ट, ती वेगळी तपासायची. एकाच म्हणण्यात तीन म्हणणी असतात, ती सुटी करता येणं हे नातीला तुमच्याकडूनच शिकायला मिळेल.

चातकाचंही सांगा तिला. काळापांढरा, डोक्यावर तुरा, पिऊ पिऊ ओरडणारा. तो आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो आणि त्याला कारणही आहे, नैऋत्येकडून येणाऱ्या त्याच वाऱ्यांच्या साथीनं तो आफ्रिकेकडून येतो, शिवाय पावसाळ्यात सातभाईंची घरटी असतात आणि त्यांच्यातच तो आपली अंडी घालतो. पहिला चातक कधी ऐकला आणि पहिला चांगला पाऊस कधी झाला, या दोन तारखा दरवर्षी लिहिल्या तरी पुरे.

आणि काका, मला राहून राहून वाटतं की तुम्ही तुमचा सगळ्यात पक्का अंदाज पत्रात लिहिलाच नाही. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात झाडं ताणावर सोडता, जानेवारीत पाणी देता आणि फेब्रुवारीत फूल येणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं, संत्रं दिवाळीच्या मागेपुढे तोडायला येणार हेही. मृग बहाराला मे महिन्यात ताण आणि जूनच्या पाण्यावर फूल. पाणी तोडलं की झाडाची नवी वाढ थांबते आणि परत पाणी मिळालं की ते फुलावर येतं, हा क्रम तुम्ही नुसता ओळखता असं नाही, तर तो वापरून बाग फुलवता. नातीला दोन झाडं दाखवा, एक ताणावरचं आणि एक घराजवळ सांडपाणी मिळत राहिलेलं, कोणाला जास्त फूल येईल आणि का, ते तिला तुमच्यासमोर लिहायला लावा. ती वही तिनं शाळेत न्यावी असं मला फार वाटतं.

मुलगी चौथीत. काटोल रोडला आमच्या घराजवळ एक पळस आहे, मागच्या होळीला तो पूर्ण फुललेला होता म्हणून तिनं वहीत लिहिलं की या होळीलाही पूर्ण फुललेला असेल. या होळीला बघतो तर अर्ध्या कळ्याच. "माझं चुकलं" म्हणून ती रडली आणि आता वही नको म्हणते. काय सांगू? – एक बाबा

तिला सांगा की पळसानं होळी बघितलेली नाही, आणि मग तिच्याबरोबर कॅलेंडर काढून बसा. होळी २०२४ ला २४ मार्चला होती आणि २०२५ ला १३ मार्चला, म्हणजे अकरा दिवस आधी. होळी पौर्णिमेला येते, ती चंद्रावर चालते, आणि चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात तर सूर्याचं वर्ष ३६५ चं, म्हणून सण दरवर्षी मागे सरकतात आणि दोन-तीन वर्षांनी अधिक महिना टाकून त्यांना परत जागेवर आणतात. झाडाचं फुलणं मात्र ऊन, थंडी, दिवसाची लांबी आणि जमिनीतल्या ओलाव्यावर, म्हणजे सूर्याच्या बाजूनं. तिनं क्रम बरोबर ओळखला होता, फक्त तारीख मोजायला चुकीचं कॅलेंडर धरलं. हे दहा वर्षांच्या मुलीला व्यवस्थित कळतं, आणि कळल्यावर तिला स्वतःहून दिवाळी, सीताफळं, आंब्याचा मोहर हे सगळं कशावर चालतं ते तपासावंसं वाटेल.

अकरा दिवसांनी त्याच पळसाखाली परत जाऊन या, म्हणजे गेल्या वर्षीच्या तारखेला. तेव्हा पूर्ण फुललेला निघाला तर तिचा अंदाज उभा राहिला. तरी नाही जमला तर वेगळी कारणं शोधा, या वर्षी थंडी लांबली का, अवकाळी झाला का. आणि एकाच झाडावर अवलंबून राहू नका, एकाच रस्त्यावरचे दोन पळससुद्धा पुढेमागे फुलतात, सेमिनरी हिल्सला किंवा गोरेवाड्याकडे रविवारी गेलात तर सात-आठ झाडं बघून घ्या. फांदीच्या टोकाला त्या काळपट तपकिरी मखमली कळ्या असतात ना, त्यातल्या एका फांदीला दोरा बांधायचा आणि दर रविवारी कळ्या किती, उमललेली फुलं किती, खाली पडलेली किती, एवढं लिहायचं. देशभरातल्या शाळा सीझनवॉच नावाच्या उपक्रमात हेच करतात, एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला त्याची पानं, फुलं, फळं नोंदवायची, त्यात शाळेला भाग घेता येतो, तुमच्या मुख्याध्यापकांना विचारून बघा.

रडली याचं वाईट वाटून घेऊ नका. तिला त्या झाडाची काळजी लागली आहे.

पहिली-दुसरीला हे सगळं जड नाही का? त्यांना तर सेंटीमीटरही येत नाही. – बालवाडी आणि पहिलीच्या ताई, महाल

सेंटीमीटर नको, मोजता आलं की झालं. पावसाळा संपता संपता प्राजक्त फुलतो, कोणाच्या तरी अंगणात असतोच, सकाळी त्याखालचा सडा ओंजळभर आणा. आधी सदाफुली आणि जास्वंद द्या, पाकळ्या मोजा, पाच, परत पाच, पुढच्या फुलाला किती, सगळे पाच म्हणतात आणि पाचच निघतात, पोरं खूश. मग एकझोरा द्या, त्याला चार. मग प्राजक्त काढा. पहिल्याला सहा, दुसऱ्याला सहा, तिसऱ्याला सात! कारण प्राजक्ताला पाचपासून आठपर्यंत कितीही असतात. प्रत्येकाला पाच-पाच फुलं द्या, जमिनीवर खडूनं ५, ६, ७, ८ असे चार रकाने आखा आणि ज्याच्या त्याच्या रकान्यात फुलं मांडायला लावा. फुलांच्याच चार उंच-ठेंगण्या रांगा तयार होतात. आता मूठ बंद करून विचारा, माझ्या हातातल्या फुलाला किती पाकळ्या असतील? जी रांग सगळ्यात लांब तोच आकडा मुलं सांगतील, आणि एखादी म्हणेल "बहुतेक". पहिलीतल्या मुलानं बहुतेक हा शब्द जागेवर वापरला तर अजून काय पाहिजे हो. नंतर कळलं नाही तरी चालेल, त्या दिवशी नाकाशी धरून धरून फुलं चुरगळली तरी चालेल.

अंदाज चुकला तर मार्क द्यायचे का? – एक सर, कामठी

द्यायचे सर, आणि अंदाजाला नाही, कारणाला द्यायचे. वहीत तीन रकाने, मला काय वाटतं, का वाटतं, झालं काय. मधला रकाना रिकामा असेल तर बरोबर आलेल्या अंदाजालाही मार्क नाही, आणि "काल आणि परवा असं झालं म्हणून" एवढं जरी लिहिलं असेल तर चुकलेल्यालाही पूर्ण. एकदा मुलांना हे कळलं की ते शेजाऱ्याच्या वहीत बघणं सोडतात, कारण शेजाऱ्याचं कारण आपल्याला शोभत नाही.

मुलगा चौथीत आहे, मोबाईलमध्ये हवामान बघून वहीत उतरवतो. सगळं बरोबर येतं, पण हे शिकणं आहे का? – एक आई, धरमपेठ

मोबाईल बंद करायला लावू नका, फक्त क्रम बदला. आधी स्वतःचा आकडा पेनानं, मग मोबाईल, मग दुसऱ्या दिवशी खरं काय झालं ते. खरा आकडा सोनेगावच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा घ्या, तो रोज पेपरात असतो. आणि एक साधा थर्मामीटर आणा, सावलीत, भिंतीपासून लांब, त्याच्या छातीच्या उंचीवर टांगा, आणि रविवारी दर तासाला वाचायला सांगा. आधी विचारा, सगळ्यात जास्त कधी असेल? बारा वाजता असं तो म्हणेल, कारण ऊन तेव्हा डोक्यावर असतं. पारा मात्र दुपारी अडीच-तीनच्या सुमारास वर जातो, कारण जमीन तापते आणि मग ती हवेला तापवत राहते. हे पाहून झालं की सगळ्यात थंड वेळ कोणती तेही विचारा. बहुतेक मुलं मध्यरात्र म्हणतात, तेव्हा त्याला एक दिवस सूर्य उगवायच्या आधी उठवावं लागेल, डिसेंबरात उठवा, स्वेटर घालून, आणि आदल्या रात्रीच त्याच्याकडून आकडा लिहून घ्या.